बिशपना विचारलेला प्रश्न

३ ऑक्टोबर

चि. छोटीस अ. आ.

फोनवर आपण दोघं ओरडतो आणि मग तुझी भाभी दोघांवर ओरडते, म्हणून कागद घेतला. मोठ्या बिशपांचं भाषण वाचलंस का? आपल्या पैगंबरांनी माणसांना प्रेम नाही, फक्त भीती शिकवली, असं ते भर सभेत म्हणाले. अब्बा आपल्याला बोट धरून मशिदीत न्यायचे, ते भीती शिकवायला का गं? तेव्हापासून दुकानात लक्ष नाही. काल एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा बांधून दिला.

मशिदीच्या कमिटीत ठरलंय की ते माफी मागेपर्यंत चर्चच्या हॉस्पिटलात आपल्यातल्या कुणी पाऊल ठेवायचं नाही आणि तिथे नोकरीला असलेल्यांनी राजीनामे द्यायचे. सेक्रेटरी म्हणून सही माझी आहे. माझीच बहीण तिथे प्रसूतीच्या वॉर्डात सिस्टर, मग लोकांना तोंड कसं दाखवू? भाभीचं नाव बाळंतपणासाठी नदीपलीकडच्या सरकारी दवाखान्यात घातलंय. तू राजीनामा दे, घर तुझंच आहे.

रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
भाईजान

८ ऑक्टोबर

ति. भाईजान यांस सलाम वि. वि.

भाषण मीही वाचलं, अख्खं, पुन्हापुन्हा. त्या दिवशी डबा तसाच परत आणला. चहाच्या खोलीत एकीने सांगितलं, मनावर घेऊ नकोस. दुसरी म्हणाली, तुम्ही लोक लगेच चिडता. आणि तुमचं म्हणणं, मी पुरेशी चिडले नाही. नेमकं किती चिडायचं ते कमिटीने एकदा ठरवून कळवावं.

राजीनामा देणार नाही. माझा हात धरून कळा सोसणाऱ्या बायकांनी पैगंबरांना काही म्हटलेलं नाही. आणि भाभीच्या पायांवर सूज आहे, रक्तदाब चढतोय. नदीपलीकडे अडल्या वेळी ऑपरेशनची सोय नाही. तुमच्या सहीची शिक्षा बिशपांना होतेय की तिला?

आमच्या नव्या वॉर्डाच्या उद्घाटनाला बिशप येणार आहेत. मी त्यांना त्या भाषणाबद्दल समोरासमोर विचारणार आहे. मेट्रनबाईंना तसं सांगितलं, तर त्या हसल्या. थट्टा वाटली त्यांना.

भाभीला मीठ बंद करा. राग उतरला की थोडा लोभ इकडेही वळवा.

तुमची
छोटी

१९ ऑक्टोबर

चि. छोटीस अ. आ.

वॉर्डात तू माझ्याशी एवढंच बोललीस की बाळाच्या कपड्यांची पिशवी कुठे आहे. म्हणून मीच लिहितो. त्या दुपारी भाभीचं डोकं फुटायला आलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मी सरकारी दवाखान्याचे कागद शोधतोय, तोवर ती शेजाऱ्यांच्या गाडीत जाऊन बसली आणि त्यांना तुझ्या हॉस्पिटलाचा रस्ता सांगितला. मला म्हणाली, यायचं तर या. फाटकाशी आपलीच माणसं फलक घेऊन उभी होती. फलकांवरचा मजकूर माझा. कुणी अडवलं नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

पोरगी गुटगुटीत आहे, भाभी उठून बसते. कमिटीने बोलावलं, मी सेक्रेटरीपद सोडून आलो. राजीनामा तुझा मागितला होता, द्यावा मला लागला. हस खुशाल.

पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. तुमच्या हॉस्पिटलचे फादर माझा हात हातात घेऊन म्हणाले, बघा, शेवटी प्रेमच जिंकतं. छोटी, मला किंचाळावंसं वाटलं! तुमच्या डॉक्टरांचे उपकार जन्मभर मानीन. पण माझी बायको वाचली म्हणून बिशपांचं बोलणं खरं ठरत नाही. हे सांगू कुणाला? फाटकाबाहेर मी फितूर, आत सुधारलेला.

भावावर रुसलीस तरी भाचीवर जीव असू दे.

भाईजान

२९ ऑक्टोबर

ति. भाईजान यांस सलाम वि. वि.

त्या दिवशी वॉर्डात तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि हातात भाभीच्या सलाइनची सुई होती. म्हणून जास्त बोलले नाही. फादरांबद्दल लिहिलंत ते अगदी पटलं.

उद्घाटन झालं. फीत कापून बिशप वॉर्डात आले, तेव्हा मी पुढे होऊन विचारलं. ते मऊ आवाजात म्हणाले की ते एका जुन्या ग्रंथातलं वाक्य होतं, विद्वानांपुढे बोललेलं, आणि माझ्या भावना दुखावल्या असतील तर त्यांना खेद आहे. मी म्हटलं, भावनांचं माझं मी बघेन, पण ते वाक्य खरं आहे असं तुम्हाला वाटतं का? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काही बोलतील असं वाटलं. तेवढ्यात फोटोवाल्याने मला बाजूला व्हायला सांगितलं आणि सगळे पुढच्या खाटेकडे गेले.

मेट्रनबाईंनी लेखी माफीनामा मागितला आहे. बिशपांकडून नव्हे, माझ्याकडून! तुमच्या कमिटीला कळवा, या सगळ्यात माफी मागायची वेळ आली ती एका सिस्टरवर. मी लिहून दिलं की पाहुण्यांना एक प्रश्न विचारला, उत्तर मिळालं नाही. त्या म्हणाल्या, एवढ्यावर भागणार नाही. मी म्हटलं, माझंही भागलेलं नाही. तेव्हापासून मला वॉर्डातून काढून चादरींच्या खोलीत बसवलंय. घड्या घालते आणि धुमसते.

काल भिंतीपलीकडे एक बाई अडली होती. पहिल्या बाळंतपणात मीच तिला सोडवलं होतं, म्हणून मला हाका मारत होती. मी कान बंद करून दोन चादरींच्या घड्या घातल्या. मग गेले. मेट्रनबाई तिथेच होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता हातमोजे पुढे केले.

भाचीचा पापा घ्या, आणि बहिणीची आठवण राहू द्या.

तुमची
छोटी