कळवायचं कुणाला?

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

एक्केचाळीस फॉर्म आणि एकच मोबाईल नंबर! स्थलांतरित कामगारांच्या पाहणीचे, सगळे आमच्या नव्या साहाय्यक सनाने भरलेले. ‘काही झाल्यास कुणाला कळवावं?’ माणसं वेगळी, गावं वेगळी, नंबर मात्र तोच. दिल्लीचं विद्यापीठ विचारतंय, हे बनावट दिसतात, वगळायचे का? कॉलेजात स्थलांतर अभ्यास केंद्र व्हावं म्हणून मी दोन वर्षं चपला झिजवल्या. वीस तारखेला दिल्लीशी करार. आणि ही पोरगी घरी बसून फॉर्म भरते! डोकंच फिरलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सनाला केबिनमध्ये बोलावून चांगलं झापलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “मॅडम, तो नंबर शालनमावशींचा आहे, खराबवाडीच्या मेसवाल्या. एकदा चला ना.” पहिलीच नोकरी आहे तिची. कामावरून कमी केल्याचं पत्र टाइप करून ठेवलंय. सही नाही केली अजून.

गुरुवार, ७ ऑगस्ट

सनाच्या गाडीवर मागे बसून गेले. चाकणला ट्रकांच्या रांगेत पाऊण तास!

पत्र्याची शेड. भिंतीवर खडूने चार नावं लिहिलेली — काल जेवायला न आलेल्यांची. शालनबाई अंबाजोगाईकडच्या, हातात लाटणं. सगळे तुमचाच नंबर का देतात, विचारलं.

“मग कुणाचा देतेल? गावाकडं माय ऐकूनच हातपाय गाळती. ठेकेदार फोन उचलत नाही. दोन टाइम पोरगं जेवाया आलं नाही की म्या जाते खोलीवर बघाया. मागच्या साली एक तापानं फणफणलेला सापडला. कुणाला पत्ता नव्हता!”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय तोंडसुख घेतलं होतं मी त्या पोरीवर!

निघताना म्हणाल्या, “बाई, माझा फॉर्म नाही का?” सनाने भरला. कळवायचं कुणाला? — लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “तुमचाच नंबर टाका. तुम्ही उचलताल फोन.” हसून तो भिंतीवरही लिहून घेतला.

परतताना सिग्नलला सनाला म्हटलं, चुकलं माझं. “हेल्मेट नीट लावा, मॅडम.” घरी येऊन पत्र फाडलं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

दिल्लीला कळवलं — एकही फॉर्म वगळायचा नाही. वगळणार असाल तर करार राहू द्या. पाठवलं.

सोमवार, ११ ऑगस्ट

उत्तर नाही. प्राचार्य मला बघून रस्ता बदलतात.

बुधवार, १३ ऑगस्ट

आलं! फॉर्म राहणार. शिवाय मेसवाल्यांची वेगळी पाहणी करू म्हणतात, सनाला सोबत घेऊन. सनाने थेरगावहून बर्फी आणली. दोन तुकडे खाल्ले, शुगर गेली खड्ड्यात!

बुधवार, २० ऑगस्ट

सहीच्या ऐन वेळी फोन वाजला. दिल्लीकर समोर, प्राचार्य डोळे वटारतायत. उचलला. “मॅडम, मी रणजीत, मेसवर जेवतो. मावशी शेगडीपाशी कोसळल्या, दवाखान्यात आणलंय. भिंतीवर तुमचा नंबर होता.” पेन प्राचार्यांच्या हातात दिलं आणि निघाले.

दवाखान्याच्या फॉर्मवर रकाना होता — रुग्णाशी नातं. मुलगी, असं लिहिलं.