खंडेनवमीचा हातोडा

आबा, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, पण तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं होतं. ते आता उरकतेय.

कृष्णेच्या घाटावर मी लोखंडाचं कडं उभं केलंय, दोन मजली घराएवढं. ते चंद्राच्या मागं मागं वळतं, आणि त्याच्या पोटातला पत्रा आपली नदी जिथं समुद्राला मिळते तिथल्या भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो. "हितं कुठला समुद्र आनला वो ताई?" असं लोक विचारतात आणि तासभर बघत बसतात. तुम्ही शेडमध्ये बनवायचा त्या उसाच्या ट्रॉल्यांकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

इस्लामपूरच्या आपल्या शेडमधली ती खंडेनवमी आठवते? मी सोळाची. हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडलीत, हळदीकुंकू वाहतेय, आणि आई येऊन तुमच्या कानात सांगते की पोरीची पाळी आलीय. तुम्ही कामगारांसमोर पाटावरची हत्यारं पाण्याच्या टाकीत टाकलीत. "मागं सर! चंद्राचा भरवसा न्हाई, तसा बाईच्या अंगाचा न्हाई. परत हत्याराला शिवायचं न्हाई." माझं वेल्डिंग चुलतभावापेक्षा सरस, असं तुम्हीच म्हणायचा. शेड मात्र त्याला दिलीत. त्यानं तिथं मोबाइलचं दुकान काढलं, बरं का! तुमचा हातोडा मला त्यानं भंगारातून काढून दिला. जीव जळतोय ना ऐकून? जळू दे.

कडं सुरू करायचा दिवस मीच निवडला, खंडेनवमी. तुमच्या हाताखाली काम केलेला म्हातारा वेल्डर कळवळला, "आवं ताई, आज हत्यार चालवत न्हाईत. मालक असते तर हात तोडला असता." म्हटलं, "म्हणून तर आज." वर मला कावळा शिवलाय, हेही त्याला मोठ्यानं सांगितलं. संध्याकाळी शेवटची पिन तुमच्याच हातोड्यानं ठोकली. कडं हललं, हळूहळू चंद्राकडं वळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लय बरं वाटलं, आबा.

एवढंच सांगायचं होतं. पण ठोकण्याआधी, कुणी बघत नाही असं पाहून मी पायऱ्या उतरले आणि हातोडा नदीत धुतला. तुमच्या हाताचा विटाळ जावा म्हणून, असं मनाशी म्हटलं. मग तो ओलाच कपाळाला लावला. हे पत्र नदीत सोडणार होते, आता ठेवूनच देते. तेवढं तुम्हाला कळायला नको.