पाठमोरी

२ मार्च
आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक कॉम्प्युटर आणि कडेवर कुंडी घेऊन दारात उभी राहिले, तर ताईने चिंगे म्हणून हाक मारायच्या आधी कुंडीचीच विचारपूस केली. माझी मोठी बहीण आहे ही, सख्खी, खोटं वाटेल. घर छोटं पण झकास. माझं टेबल स्वयंपाकघरात खिडकीशी लावलंय, म्हणजे काम करता करता चहाही होतो.

ताईची तब्येत सोडली तर सगळं छान. तिच्या मेंदूच्या खाली एक गाठ बसलीय. गाठ साधी आहे, पण डोळ्यांच्या नसा दाबते. त्यामुळे तिला फक्त समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं काही नाही. घोड्याला झापडं लावतात तसं झालंय माझं, असं स्वतःच सांगते आणि हसते. दाराच्या चौकटींवर आपटून आपटून खांदे काळेनिळे झालेत. गाठ काढली तर नजर परत येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यासाठीच तर मी इथली नोकरी धरली.

५ मार्च
नोकरी आहे गमतीची. जुने कॉम्प्युटर गेम आजच्या मशीनवर चालते करायचे. मालकांना ऑफिसात सगळे काका म्हणतात. माणूस हौशी, पण ऐकून घेण्याच्या बाबतीत ठार बहिरा. मला दिलेला गेम पंचवीसेक वर्षांपूर्वीचा आहे. एका रिकाम्या घरात खोल्यांमागून खोल्या हिंडायचं आणि किल्ल्या शोधायच्या, बस. आधी तर सुरूच होईना मेला. सुरू झाला तर असा उधळला की दारं धडाधड आपटायला लागली, कारण त्या काळच्या गेमचा वेग मशीनच्या वेगावर अवलंबून असायचा. त्याला वेसण घातली. मग आवाज आणला.

आता राहिलं चित्र. तेव्हाचे मॉनिटर चौकोनी, आताचे आडवे, म्हणून दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या दिसतात. काकांना त्या नकोत. तिथे खोलीचा उरलेला भाग दाखवायचाय. ताईला सांगितलं, तर म्हणाली, म्हणजे तुझ्या गेमचीही गाठ काढायची म्हण की.

८ मार्च
पट्ट्या गेल्या! चौकटीबाहेर कोण बघतंय म्हणून त्या लोकांनी तिथे काय वाट्टेल ते टाकून दिलंय. अर्धवट भिंती, पाय नसलेल्या खुर्च्या. आणि प्रत्येक खोलीत डाव्या कडेला एक बाई. भिंतीकडे तोंड करून उभी, हात लोंबत असलेली. वापरायचं राहून गेलेलं चित्र असणार.

मशीनवर ताण पडू नये म्हणून तेव्हा एक युक्ती करत. चौकटीबाहेरच्या वस्तू झोपवून ठेवायच्या. पडद्यावर दिसलं की ते जागं होतं, तोवर हलत नाही. म्हणजे ही बाई आजवर ढाराढूर झोपली होती म्हणायची. मी तिचं नाव पाठमोरी ठेवलंय.

१२ मार्च
पाठमोरी वळतेय. परवा नुसता अंबाडा दिसत होता, आज कान दिसला. कोड उपसून काढला, चित्रांची प्रत्येक फाइल उघडली. तिचा कुठेच पत्ता नाही. मग लक्षात आलं की जितका वेळ ती पडद्यावर असते, तितकी वळते. काळ्या पट्ट्या परत लावल्या की थांबते.

काकांना दाखवायला गेले, तर म्हणाले की चष्म्याचा नंबर तपासून घ्या. डोंबल नंबर. मला भीती वाटतेय, हे त्यांना कसं सांगू?

१५ मार्च
लिहू की नको.

सकाळी, लख्ख उजेडात, ताईला चहा देत होते. डाव्या डोळ्याच्या कडेला कोणीतरी. कपाटाशेजारी, भिंतीकडे तोंड. मान वळवली तर काही नाही. समोर बघितलं की पुन्हा तिथेच. माझ्या हातून कप निसटला. ताई बिचारी फडकं आणायला उठली आणि त्या पाठमोरीला घासून गेली. खांदा चोळत म्हणाली, हे कपाट आज एवढं गार कसं.

१७ मार्च
ऑपरेशन परवा. ताई नाचायचीच बाकी आहे. मीही हसले तिच्याबरोबर. मग ऑफिसात बसल्या बसल्या एकदम लक्षात आलं.

बघितलं की पाठमोरी जागी होते. ताईला बाजूचं दिसत नाही, म्हणूनच ताईपुरती ती झोपलेली आहे. मी निदान डोळे मिटून घेते. ताई मिटणार नाही. ताई बघेल, पोटभर बघेल, इतक्या दिवसांची भुकेली नजर तिची. आणि ती पूर्ण वळली की काय होईल, ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही.

ऑपरेशन नको असं तरी कुठल्या तोंडाने सांगू? गाठ तशीच राहिली तर समोरचंही जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

१९ मार्च
झालं. नाकातून काढली गाठ. शुद्धीवर आल्यावर ताई म्हणाली, दोन्हीकडच्या खिडक्या दिसतात गं. आणि रडली. मीही रडले. नर्सला वाटलं आनंदाने.

पाठमोरी दवाखान्यात नव्हती. घरी आहे. आता गालही दिसतो.

२३ मार्च
गेममध्ये पट्ट्या परत लावल्या. घरात फरक नाही. गेमच पुसून टाकला, काकांनी नोकरीवरून काढलं, तरी नाही. माझं बघून झालंय ना आधीच.

ताईला म्हटलं, दुसरीकडे राहायला जाऊ. म्हणाली, मला माझं घर बघायचंय. आख्खं.

माझ्या चष्म्याला दोन्हीकडून पुठ्ठे चिकटवलेत. ताईच्या चष्म्यालाही—

२४ मार्च
ताई दवाखान्यातून घरी आली. दारातच हात जोडले, पुठ्ठ्यांचा चष्मा घाल म्हणून. आधी हसली. मग माझा चेहरा बघून घातला. म्हणाली, डोकं तुझं दाखवायला हवं होतं, माझंच उगाच दाखवलं. माझ्यासाठी दिवसभर तसाच ठेवला. किती गुणी आहे माझी ताई.

२५ मार्च
ताई भडकली. आता कुठे दिसायला लागलंय आणि तू— बरोबरच आहे तिचं. पुठ्ठे केराच्या डब्यात. मला काय सांगायचंय ते ऐकूनच घेत नाही. सांगू तरी काय— बघू नकोस? कसं सांगू तिला, बघू नकोस—

२६ मार्च
ताई बाहेरच्या खोलीत. मी स्वयंपाकघरात, टेबलाशी.

हाक मारतेय मला— नाही. माझ्याकडे नाही. तिकडेच कोणाला तरी. म्हणतेय, चिंगे, कोपऱ्यात तोंड फिरवून काय उभी राहिलीस, बरं बाई, चुकलं माझं. कडेचं अजून अंधुक दिसतं तिला— तिला वाटतंय मी—

ताई ती मी नाही. ओरडायचंय. आवाज फुटत नाही. हात तेवढा चालतोय.

लाडाने बोलतेय. मी लहानपणी रुसले की बोलायची तसं. वळ ना गं इकडे. आणखी थोडी. अस्सं. आता हनुवटी वर कर, बघू दे तुझं तों—