पिराची जागा जैतूनबीला

मी, मालू काशिराम घरत, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार गव्हाण, तालुका पनवेल, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट हे लिहू नका म्हणणारेच जास्त भेटले. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते, कारण ते केले तेव्हा माझा थोरला मुलगा जगन जिवंत होता.

१. उरण रस्त्यालगतची जागा. सासऱ्यांनी बक्षीसपत्राने माझ्या एकटीच्या नावावर केलेला जमिनीचा तुकडा, ज्यावर पिराचा दर्गा व मुजावरांची खोली आहे, तो मी जैतूनबी शरफुद्दीन मुजावर यांना कायमचा देत आहे. माझा धाकटा मुलगा केतन याने या जागेचा एका बिल्डरशी तोंडी व्यवहार ठरवला आहे. त्यावर माझी सही नाही व होणार नाही.

कारण लिहिणे कायद्याने गरजेचे नाही, असे वकील म्हणाले. मला गरजेचे वाटते.

जगन न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डात वेल्डर होता. पाळी संपवून मोटारसायकलवरून येताना दर्ग्याच्या वळणावर त्याला ट्रेलरने चिरडले. ड्रायव्हर उडी टाकून पळाला आणि दर्ग्यात शिरला. मागोमाग गाव धावले, सगळ्यांत पुढे केतन. दर्ग्याची देखभाल करणारे मुजावर, जैतूनबीचे पती शरफूचाचा, दारात आडवे उभे राहिले. मी रस्त्यावर जगनचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. मला सगळे ऐकू येत होते.

"चाचा, बाजूला व्हा! माजा भाव मेलाय तिकडं!" केतन ओरडला.

"जगन माझ्या अंगाखांद्यावर खेळलाय, बेटा. मीही रडतोय. पण आत आलेला माणूस पिराच्या आसऱ्याला आलाय. पोलिसांना बोलव, मी स्वतः त्यांच्या हाती देतो."

"तुमच्यातलाच असंल, म्हनून लपवताय!" गर्दीतून कोणीतरी म्हणाले.

त्यानंतर बोलणे ऐकू आले नाही, लोखंडी गजाचे आवाज आले.

पोलिसांनी ड्रायव्हरला जिवंत बाहेर काढले. चाचा उंबऱ्यात पडले होते. ड्रायव्हरचे नाव पुढे पेपरात आले, रघुवंश तिवारी. त्यावर गावात कोणी काही बोलले नाही. चाचांनी त्याला नाव विचारलेच नव्हते.

जगनचे दिवस उरकून मी पनवेलच्या इस्पितळात गेले. चाचांचा जबडा बांधलेला होता, शब्द कसेबसे निघत होते. पोलिसांना त्यांनी सांगितले होते की गर्दीत चेहरे दिसले नाहीत.

"केतन तुम्हाला दिसला होता," मी म्हटले.

"दिसला."

"मग सांगितलं का नाही?"

"बहन, तुझा एक मुलगा गेला. दुसरा मी कसा नेऊ?"

"त्याची लायकी नाही, चाचा."

त्यांनी नाही म्हणून हात हलवला. मग म्हणाले, "आमचे मुर्शिद, आमचे गुरू, सांगायचे, लायकी बघून देतात ती मजुरी. रहम वेगळी चीज आहे. ती दारात कोण उभा आहे ते बघत नाही."

ते घरी परतले नाहीत. आमच्या ओट्यावर बसून चाचा सूफींच्या अशा गोष्टी सांगायचे, तेव्हा मला त्या मुलांना सांगायच्या बोधकथा वाटायच्या. माणूस त्यासाठी मरतो, हे मी नंतर पाहिले.

सगळे मी जैतूनबीला जाऊन सांगितले. ती म्हणाली, "त्यांनी जी जबान बंद ठेवली, ती मी उघडणार नाही. पण त्याला सांग, माझ्या नजरेसमोर येऊ नकोस." पुढे तिचे मन बदलले तर तिने हे मृत्युपत्र घेऊन खुशाल पोलिसांत जावे. ते मी पूर्ण शुद्धीत लिहिले आहे.

दर गुरुवारी रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना दर्ग्यात खिचडी मिळते. ती चालू राहावी, ही विनंती आहे, अट नाही.

२. बँकेतील ठेवी जगनची मुलगी अनुष्का हिच्या शिक्षणासाठी. जगनचे वेल्डिंगचे सामान त्याच्या यार्डातल्या सोबत्यांना द्यावे.

३. गावच्या मंडळाने चौकात जगनच्या फोटोखाली 'धर्मासाठी बलिदान' असा फलक लावला होता. माझा मुलगा कामावरून घरी येत होता. माझ्या मरणानंतर या मंडळाने माझा फोटो कोठेही लावू नये.

४. राहते घर केतनला. जैतूनबीच्या पाया पडल्याशिवाय ताबा मिळू नये, अशी अट मी आधी घातली होती. ती खोडली. ज्या माणसाने केतनला वाचवले, त्याने अट घातली नव्हती. आणि जैतूनबीला तो समोर नको आहे. याला कोणी माझी माफी समजू नये. माफी मला जमलेली नाही.

इथवरचा मसुदा मी केतनला वाचायला दिला. वाचून तो खाली बसला.

"आये, तुला ठाव व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"चाचा खरंच आसं म्हनले?"

"तूच विचारायला हवं होतंस. ते इस्पितळात असताना तू गेला नाहीस."

तो रडला, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडे टाकून. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असे वाटले. माझा हात उचलला गेला नाही.

५. अंमलबजावणी माझ्या शाळेतील सहकारी अरुंधती सबनीस यांनी करावी.

६. माझे दहन गव्हाणच्या स्मशानात करावे. अग्नी केतननेच द्यावा. गज धरलेले ते हात आहेत, हे मला माहीत आहे. माझ्या पोटचे दुसरे हात आता उरलेले नाहीत.

मृत्युपत्र करणार: मालू काशिराम घरत (सही)

आम्हा दोघांसमोर मालूबाईंनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. डॉ. विश्वजीत देसाई, पनवेल (सही)
२. काळूराम मढवी, गव्हाण (सही)

स्थळ: पनवेल
दिनांक: ९ जानेवारी २०२५