दयारामकाकांच्या फियाटमधला नायट्रोजन

७ मार्च १९९४, सोमवार
ठरलं. विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन भरतात. मासिकात वाचलं. पनवेलमध्ये पहिला मी. विनायकमामाचं पंक्चरचं दुकान इथून पुढे 'टायर क्लिनिक'. फिजिक्सच्या सरांच्या टेबलावर जर्नल आपटून कॉलेज सोडलं, ते योग्यच होतं. पहिली गाडी दयारामकाकांची फियाट. कारण उघड आहे. त्यांची मुलगी, विनिता.

९ मार्च
मित्र गोरखने तळोज्याहून, त्याच्या कंपनीतून सिलिंडर आणून दिला. मामा म्हणाला, खिळा काय आत वाकून बघतो, कुठला गॅस आहे ते? भडकलो. पाना फेकला. कंप्रेसरला लागला. चालतोय. आवाज थोडा बदललाय.

१२ मार्च, शनिवार
फियाट आली. काका म्हणाले, उद्या उरणला जायचं हाय, पोरीच्या लग्नासाठी घर बघायला. पोरगी शिकलेली हाय, तिला पण नेतो.
हातातला पाना खाली ठेवला. मग विचार केला, उलट बरंच. गाडी अशी तरंगत जाईल की विनिता विचारणारच, हे कोणी केलं? मग उरणचं घर कशाला आवडेल?
चारी चाकांत नायट्रोजन. स्टेपनी काढून ठेवली. काका म्हणाले, आरं, ती राहू दे की! म्हटलं, उगाच वजन. विज्ञानावर विश्वास ठेवा.
विनिता म्हणाली, दादा, अजून किती वेळ?
दादा. वडील शेजारी उभे. दुसरं काय म्हणणार बिचारी.

१३ मार्च, दुपारी ४
अजून आले नाहीत. गाडी मस्त पळत असणार. फिरत असतील.

१४ मार्च
पंक्चर. ऐन मुलाच्या दारात. खिळा. म्हणजे नायट्रोजनचा दोष शून्य.
स्टेपनी नाही. तेव्हा मुलाने, कुंदनने, इस्त्रीचा शर्ट घालून चाक काढलं आणि भर उन्हात गावभर ढकलत पंक्चरवाल्याकडे नेलं. तोवर सगळे तिथेच जेवले. बायकांचं गूळपीठ जमलं. काका सांगत होते, बघायला आलेत म्हणून ऐटीत बसला नाय, चाक ढकलत गेला. अशा घरात पोर द्यायला भीती नाय.
मामा हसला. मी नाही. जेवलोही नाही.

२० मार्च
आज उरणला जाऊन कुंदनला स्पष्ट सांगणार होतो. स्टँडपर्यंत गेलो. उरणची एसटी लागली होती. पण सांगायचं काय? चाक छान ढकललंस?
परत आलो. ऊन फार होतं.

२३ एप्रिल
लग्न ठरलंय. उरणला. काका आले, सोबत विनिता. म्हणाले, तुझ्यामुळंच जमलं रे पोरा! वऱ्हाडाच्या चार गाड्या हायत. पण या टायमाला साधीच हवा भर. म्हटलं, भरतो.
मग विनिता स्वतःहून माझ्याजवळ आली. पहिल्यांदाच. हातात पत्रिका, पेन.
म्हणाली, पाकिटावर घालायचंय, तुमचं नाव काय?
सांगितलं. आडनावासकट.