नवरदेवाच्या लॅपटॉपमधली प्रत

ती. सुमंगलक्का हिस बेंगळुरूहून धाकट्या नागभूषणचा साष्टांग नमस्कार. तुमकुरात सगळे खुशाल असतील. भावजींचा गुडघा जिना चढू देतो का, ते कळव. मी बरा आहे (नोकरीसकट, आणि ती कशी टिकली तेच सांगायला बसलोय).

आमचा प्रोग्रामचा कोड म्हणजे तिघांनी मिळून लिहायची एक सामायिक प्रत. आपापल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायची, भर घालायची, परत वर ढकलायची. हिशेब ठेवायला गिट नावाची व्यवस्था आहे. गुरुवारी सकाळी मी माझं लिखाण ढकलायला गेलो, तर गिट म्हणालं, तुझी प्रत जुनी आहे, आधी नवी घे. अक्का, मला कुणी नाही म्हटलं की मी हट्टाला पेटतो, हे तुला माहीतच आहे. जबरदस्तीने ढकललं. ढकललं गेलं! आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या पोन्नम्माचं तीन आठवड्यांचं काम सामायिक प्रतीतून साफ पुसलं गेलं. तिचा जुना लॅपटॉप आदल्याच दिवशी कंपनीला परत गेलेला, नवा अजून कोरा. बारा वाजता गिऱ्हाईक तेच काम बघायला येणार. पोन्नम्मा ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "नागभूषण, बस इथे." मी बसलो.

उरला तिसरा, गजानन हेगडे. तो पोन्नम्माच्या कामासकट प्रत उतरवलेला लॅपटॉप घेऊन सिरसीला गेलेला, स्वतःच्याच लग्नाला (यावरून आम्ही आठवडाभर त्याची टर उडवली होती). फोन केला तर स्वारी पाटावर उभी. मामाने फोन त्याच्या कानाशी धरला.

"अरे, नवरीच्या डोक्यावर घालायचं जिरं-गूळ आहे माझ्या हातात!" हेगडे कळवळला.

तेवढ्यात अंतरपाटापलीकडून नवरीचा आवाज आला, "लॅपटॉप इकडे द्या." ही मैत्रेयी हुबळीत हेच काम करते. पासवर्ड सांगताना हेगडे अडखळला, कारण तो तिचंच नाव निघाला आणि अख्ख्या मांडवाने ऐकला. तिने आधी मला झापलं, "जबरदस्ती करायला कुणी सांगितलं होतं?" मग हेगडेची प्रत वर चढवली. भटजी म्हणत होते, "झालं का? मुहूर्त टळतोय." झालं! सगळं जागच्या जागी आलं. फोनवर मंगलाष्टकं ऐकताना पोन्नम्माचे डोळे भरून आले. माझेही (होमाचा धूर तिकडे होता, तरी). गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

तुझा,
नागभूषण

ता. क. शिक्षा म्हणून सोमवारी मी ऑफिसातल्या चाळीस जणांना पुरणाचे होळिगे खाऊ घालायचे आहेत. रविवारी येतोय. पुरण शिजवून ठेव.

पुन्हा ता. क. ते मी स्वतः लाटतो, असं सांगून बसलोय. तेव्हा तू लाटताना चार-पाच फाटू दे, दोन करपव. पोन्नम्माला खरं वाटलं पाहिजे.