समान वेतनाचा मुद्दा मीच मांडणार

५ मार्च
आजपासून रोज लिहिणार. नर्सेसच्या पगारवाढीच्या लढ्यातलं माझं योगदान कुठेतरी नोंदलं गेलं पाहिजे. तीन महिने पगार नाही. कंत्राट ३१ला संपतंय. कायम सिस्टरच्या निम्म्या पगारात हा ब्रदर शिवदास तीच सलाईन लावतो. हे वाक्य उद्या मुंबईच्या बैठकीत टाकायचं.

६ मार्च
टाकलं. पाऊण तास चाललं. मधेच समोर बसलेल्या आरोग्य खात्याच्या साहेबांच्या पायाला सूज दिसली. वाकून अंगठ्याने दाबून बघितली. खड्डा पडला. किडनी तपासून घ्या म्हटलं. साहेब उठून गेले, बैठक तहकूब. छाप पडली म्हणायची. आमच्या संघटनेच्या सेक्रेटरी कल्पिता सिस्टर परतीच्या एसटीत चकार शब्द बोलल्या नाहीत. भारावल्या असाव्यात.

१० मार्च
सुचिताने विचारलं, पगाराचं काय? म्हटलं, चर्चा सकारात्मक. ती म्हणाली, हेच वाण्याला सांगा, त्याने उधारी बंद केलीय. तिच्या माहेरून, रेवसहून, सुकट येते म्हणून जेवतोय. प्राप्ती शाळेचे बूट टाचा दाबून घालते. पोरगी मागत नाही, त्याचंच जास्त लागतं.

१२ मार्च
संकल्प : पुढचं भाषण फक्त दहा मिनिटं. लिहून काढलं. चौदा पानं झाली, पण अक्षर मोठं आहे.
महनूर सिस्टर ड्रेसिंग रूममध्ये रडत होत्या. अख्खं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. म्हटलं, मी आहे ना. जास्तच रडायला लागल्या.

१७ मार्च
उद्या अकराला शेवटची बैठक. सिस्टर लोक पहाटेच्या एसटीने जाणार. कल्पिता सिस्टर म्हणाल्या, ब्रदर, तुम्ही रेवसहून आठची लाँच पकडा, रस्त्याच्या धुळीने घसा बसायला नको. केवढी काळजी!

१८ मार्च, लाँचमध्ये
गाळात रुतलोय. ओहोटी. आम्ही माणगावकडची भातवाली माणसं, आम्हाला समुद्राचं काय कळतंय? खलाशाला विचारलं, कधी निघणार? म्हणाला, पानी चरंल तवा, आज चवथ हाय, ठाव न्हाय? म्हणजे चवथीला सकाळी ओहोटी असते, आता भरती चढेपर्यंत बसा.
साडेदहा. कल्पिता सिस्टर फोन उचलत नाहीत. माझ्याशिवाय बैठक कोसळणार. सगळ्यांची नोकरी जाणार, आणि ती माझ्यामुळे. महनूर सिस्टरना काय तोंड दाखवू? डबा उघडला, तसाच परत झाकला. लोकांसमोर रडलो.

१८ मार्च, संध्याकाळी
करार झाला. मुदतवाढ, थकलेला पगार, एप्रिलपासून वाढ. यादीत माझंही नाव आहे.
घरी आल्याबरोबर सुचिताला म्हटलं, माझ्या आधीच्या मांडणीचा परिणाम. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ओहोटीची वेळ बघून ती लाँच मीच कल्पिता सिस्टरना सुचवली.
मग कल्पिता सिस्टरनी फोनवर कळवलेलं बाकीचंही तिनेच सांगितलं. साहेब आजच्या बैठकीतही आधी टाळाटाळच करत होते. शेवटी त्यांनी विचारलं, ते ब्रदर नाही आले? कल्पिता सिस्टर म्हणाल्या, वाटेत आहेत, तासाभरात पोचतील. साहेबांनी पाय टेबलाखाली ओढून घेतले आणि पेन मागितलं.